खांबाजवळची माणसं

रेणुका स्वरूपच्या पटांगणात मांडवाचा डावीकडचा तिसरा खांब एका गृहस्थांचा होता. तो कुणी त्यांच्या नावावर करून दिला नव्हता. पण सवाई गंधर्व महोत्सवाचं दार उघडलं की पहिल्या लोंढ्यात ते आत यायचे, खांबाच्या बुंध्याशी निळ्या पट्ट्यांची सतरंजी अंथरायचे, तिच्यावर पितळेचा तांब्या ठेवायचे आणि चहा प्यायला निघून जायचे. नंतर मांडव कितीही भरला, सतरंजीला सतरंजी लागली, तरी त्या तांब्याला कुणी हात लावत नसे. तांब्या आहे म्हणजे माणूस आहे.

पहिला कलाकार ते नीट ऐकायचे. मग उपरणं तोंडावर घेऊन खांबाला पाठ लावायचे आणि चक्क झोपायचे, चांगले घोरायचे. मध्यरात्रीचा मालकंस होऊन जायचा, दरबारी होऊन जायचा, टाळ्यांनी मांडव दणाणायचा, तरी यांची झोप मोडत नसे. पहाटे चारच्या सुमाराला कुणी ललत लावला आणि त्यातले दोन मध्यम एकापाठोपाठ कानावर आले, की उपरणं खाली यायचं. हाक मारावी लागत नसे. तांब्यातलं पाणी डोळ्यांना लावून ते मांडी घालून बसायचे आणि उजाडेपर्यंत हलायचे नाहीत.

मी तेव्हा अकरा वर्षांची होते. १९८२ साली वडील मला पहिल्यांदा रात्रभर मांडवात घेऊन गेले. तिकीट काढून झोपणारा माणूस मला नवलाचा वाटला आणि मी त्यांना तसं विचारलंसुद्धा. ते रागावले नाहीत. म्हणाले, "बाळ, उद्या मला कचेरी आहे, परवाही आहे. तीन रात्री जागलो तर तिसऱ्या पहाटे कान चालत नाहीत. यमन मला वर्षभर मिळतो. परज, सोहनी, ललत कोण देणार?"

त्यांच्या वागण्यामागचा सगळा हिशेब त्या उत्तरात होता. त्या काळी ध्वनिमुद्रिकेच्या एका बाजूला वीस-बावीस मिनिटांचं गाणं मावायचं आणि ती विकत घेणं नोकरदाराला परवडत नसे. सकाळी रेडिओ सुरू व्हायचा तोवर ललतची वेळ सरत आलेली असायची. पहाटेचा राग, पहाटे, समोर बसलेल्या माणसाच्या गळ्यातून ऐकायचा तर वर्षातून एखाद-दोनच संधी. त्यासाठी ते वर्षभर थांबायचे आणि झोपेची रतीब घातल्यासारखी वाटणी करायचे. लोक त्यांना विक्षिप्त म्हणायचे. मला आज वाटतं, त्या मांडवात वेळेची इतकी कदर दुसऱ्या कुणालाच नव्हती.

आमच्या घरात अशा माणसांना 'खांबवाले' हा शब्द पडला होता. त्यातला प्रत्येक जण खांबाला टेकून बसायचा असं नाही. पण वर्षानुवर्षं एकाच जागी, एकाच रीतीनं, गाण्यावाचून दुसरं कोणतंही निमित्त नसताना येणारा तो खांबवाला. वडिलांनी त्यांना नावंही दिली होती. तांब्यावाले काका, लोकरवाल्या मावशी, टेपवाले. खरी नावं आम्हाला पुष्कळ वर्षं ठाऊक नव्हती आणि ठाऊक झाल्यावरही जुनीच चालत राहिली.

महोत्सवाची मोठी माणसं सगळ्यांना माहीत आहेत. १९५२ मध्ये सवाई गंधर्व, म्हणजे कुंदगोळचे रामभाऊ, गेले. दुसऱ्याच वर्षी भीमसेन जोशींनी गुरूच्या पुण्यतिथीचा उत्सव पुण्यात सुरू केला. गंगूबाई हनगल, फिरोज दस्तूर ही गुरुभावंडं त्यात होती. आर्य संगीत प्रसारक मंडळाच्या या उत्सवाचा इतिहास अनेकांनी लिहिला आहे. कोणत्या साली कोण गायलं, कुणाला साथ कुणाची होती, ते सापडतं. समोर कोण बसलं होतं याची नोंद मात्र कुठे नाही. मी गेली चाळीसेक वर्षं ज्या गाण्यावर वाढले, ते मला निम्मं रंगमंचावरून मिळालं आणि निम्मं या शेजाऱ्यांकडून. म्हणून हा मागोवा त्यांचा.

लोकरवाल्या मावशींपासून सुरुवात करते, कारण त्यांचं ऋण मोठं आहे.

त्या एका इस्पितळात परिचारिका होत्या. पांढऱ्या साडीवर स्वेटर, खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत लोकरीचा गुंडा आणि दोन सुया. बसल्या की विणायला घ्यायच्या आणि गाणं चालू असताना हात थांबत नसत. मांडवातले काही जाणते लोक यावरून नाकं मुरडायचे. कलाकारासमोर विणकाम म्हणजे अपमान, असं एकदा कुणीतरी त्यांना तोंडावर सुनावलं. मावशी शांतपणे म्हणाल्या, "हात मोकळे राहिले की नको तिथे टाळी पडते. माझे हात गुंतलेलेच बरे." खरोखर, त्यांनी तानेवर टाळी वाजवल्याचं मी कधी पाहिलं नाही. विलंबित ख्यालात समेला सुया क्षणभर एकमेकींवर टेकायच्या, एवढीच त्यांची दाद.

मी सतरा वर्षांची असताना वडिलांची बदली झाली आणि त्या डिसेंबरात मी एकटीच महोत्सवाला आले. सतरा वर्षांच्या मुलीनं हजारो अनोळखी माणसांत रात्र काढायची, हे घरच्यांना सोपं नव्हतं आणि मलाही. बसायला जागा शोधत होते. मागच्या बाजूला दोघं-तिघं मुद्दाम सरकून जागा करून देत होते, ते मला नको होतं. तेवढ्यात मावशींनी हाक मारली, "इकडे ये गं. बस इथे. पाय पसर खुशाल. कुणी काही बोललं तर मला सांग." त्यांच्या सतरंजीवर आधीच तीन मुली होत्या. एक साताऱ्याहून आलेली, एक वसतिगृहातली, तिसरी त्यांच्या चाळीतली. दर वर्षी असंच असायचं, हे मला नंतर कळलं. एकटी आलेली पोरगी हेरायची, आपल्याजवळ बसवायची, पहाटे स्वतःच्या थर्मासातला चहा द्यायचा आणि उजाडल्यावर बसथांब्यापर्यंत सोबत करायची. विणत विणत त्या सगळा मांडव बघत असायच्या.

माझ्या पिढीतल्या किती बायका रात्रीचं गाणं ऐकू शकल्या त्या अशा कुणामुळे तरी. संगीताच्या प्रसाराबद्दल पुष्कळ भाषणं मी ऐकली आहेत. त्या सतरंजीचा उल्लेख मी एकाही भाषणात ऐकला नाही, आणि याची मला खंत आहे.

टेपवाल्यांची गोष्ट वेगळी. ते महोत्सवात यायचे, पण त्यांचं खरं राज्य घरगुती मैफलींत. सदाशिव पेठेत, नारायण पेठेत वाड्यांच्या माडीवर पन्नास-साठ माणसांत बैठका व्हायच्या. तिथे ते यंत्र घेऊन येत. आधी गायकाला नमस्कार करून विचारायचं. हो म्हणाले तरच पेटी उघडायची. नाही म्हणाले तर ती तशीच बंद, गुडघ्याशी. मोठ्या मांडवात ध्वनिमुद्रणाचा प्रश्नच नव्हता, तरी ती पेटी त्यांच्या गुडघ्याशी असायची. सवयीनं. तिच्यावर ते वही ठेवून लिहायचे.

त्या वहीविषयी सांगायलाच हवं. नव्वद मिनिटांची कॅसेट असली तरी एका बाजूला पंचेचाळीस मिनिटंच. मोठा ख्याल तेवढ्यात संपत नाही. मग कॅसेट काढायची, उलटायची, परत दाबायची. हात कितीही चपळ असला तरी पाच-सात सेकंद जातात. पाच-सात सेकंदांत द्रुत गाण्याचं अख्खं आवर्तन जाऊ शकतं. त्यांना ते लागायचं. म्हणून ते घड्याळाकडे बघत नसत, गाण्याकडे बघत. गायक आता मुखडा घेऊन समेवर येईल, श्वास घेईल, तबलजी एखादा तुकडा वाजवेल, तिथे उलटायची. बहुतेक वेळा साधायचं. नाही साधलं तर त्या फटीत जे गेलं ते ते वहीत उतरवायचे. कोणत्या मात्रेपासून गेलं, स्वर काय होते, बोल कुठे पडले. शाळेतल्या शंभरपानी वह्या होत्या. मी त्यांच्या घरी अशा अकरा वह्या पाहिल्या. प्रत्येक पानावर तारीख, गायकाचं नाव, राग आणि खाली चार-पाच ओळी. ध्वनिफितीतून निसटलेल्या सेकंदांची ती वही.

हा माणूस बँकेत रोखपाल होता. संध्याकाळी रोकड जुळली नाही तर उठायचं नाही, हा त्या नोकरीचा नियम. मला वाटतं गाण्याच्या बाबतीतही त्यांनी तोच पाळला.

माझं आजोळ मिरजेचं. तिथला एक खांबवाला मला पुण्याच्या सगळ्यांपेक्षा जास्त आठवतो.

मिरजेत ख्वाजा शमना मीरासाहेबांच्या दर्ग्यात उरुसाच्या वेळी अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ गाणं होतं. खाँसाहेब १९३७ मध्ये गेले आणि त्या दर्ग्याच्याच आवारात त्यांची कबर आहे. सवाई गंधर्व त्यांचे शिष्य, भीमसेन सवाई गंधर्वांचे. पुण्याच्या मांडवातल्या गाण्याचा उगम असा मिरजेच्या त्या चिंचेच्या झाडाशी जातो. झाडाखाली बैठक. तिकीट नाही, दार नाही. कुणीही यावं, मातीवर बसावं.

तिथे एक वयस्क कारागीर यायचे. मिरजेत तंबोरे आणि सतारी घडवणारी घराणी पिढ्यान्‌पिढ्या आहेत. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे भोपळे येतात, ते वाळवून, कापून, त्यांचे तुंबे होतात. हे त्यांतलेच एक, हयात जवारी काढण्यात गेलेली. जवारी म्हणजे तंबोऱ्याचा प्राण. घोडीच्या पृष्ठभागाला इतका सूक्ष्म उतार द्यायचा की तार तिच्यावर घासत, झणझणत बोलली पाहिजे. मग तार आणि घोडीच्या मध्ये सुताचा बारीक दोरा सरकवायचा आणि केसभर मागेपुढे करत तो गुंजणारा बिंदू शोधायचा. खाँसाहेब स्वतः या कामात वाकबगार होते, म्हणून मिरजेत त्याला विशेष मान.

हे गृहस्थ रंगमंचाच्या कडेला, अगदी जवळ उकिडवे बसायचे. कलाकार येऊन बसले, तंबोरे गवसणीतून बाहेर निघाले, की डोळे मिटायचे. पंचम जुळतोय, जोड जुळतेय, खर्ज लागतोय. मणी सरकतायत, खुंट्या कुरकुरतायत. लोक कुजबुजत असायचे, चणेवाल्याला हाका मारत असायचे. यांच्यासाठी मैफल तेव्हाच सुरू झालेली असायची. दोन्ही तंबोरे एकजीव झाले आणि त्यातून तो गांधार आपोआप ऐकू यायला लागला, जो कुणीच छेडलेला नसतो, की ते कानाच्या पाळीला हात लावायचे, उठायचे आणि घरी जायचे. गायकानं अजून तोंड उघडलेलं नसायचं.

माझ्या आजोबांनी त्यांना एकदा थांबवलं होतं. मी शेजारी उभी होते. आजोबा म्हणाले, "अहो, आता तर सुरू होतंय." ते म्हणाले, "झालं की साहेब. आता ह्येच्यात भर घालता येईल, पण ह्येच्यापेक्षा चांगलं काय व्हायाचं न्हाई."

हे ऐकून मी हसले होते. आज चार तारांचा तो गुंजारव फोनमधूनही निघतो, स्वर कधी उतरत नाही, दोरा लागत नाही. घरी रियाजाला मीही तो लावते. पण मैफलीत तंबोरे लावले जात असताना शेजारी कुणी बोलायला लागलं तर मला सहन होत नाही. ते त्यांनी दिलेलं आहे.

अशा माणसांची परंपरा जुनी. कोल्हापूरचा देवल क्लब १८८३ सालचा. गिरगावात गणपतीत चाळीच्या चौकात गाणं व्हायचं आणि तिन्ही मजल्यांचे सज्जे ऐकणाऱ्यांनी भरायचे. बेळगावच्या रावसाहेबांना तर पु. ल. देशपांड्यांनी मराठी वाचकाच्या घरातलंच करून टाकलं. रावसाहेब पैसेवाले, कलाकारांवर जीव लावणारे, बोलण्यात रांगडे. मी ज्यांच्याबद्दल लिहिते आहे त्यांच्याकडे पैसा नव्हता, ओळखी नव्हत्या. कलाकाराच्या खोलीपर्यंत त्यांतला क्वचितच कुणी गेला असेल. त्यांच्याकडे फक्त हजेरी होती.

एक जण तर आतसुद्धा येत नसे. महोत्सव रमणबागेत भरायला लागल्यावर शाळेच्या भिंतीबाहेर, बंद दुकानाच्या पायरीवर तो बसलेला दिसायचा. बाहेर ध्वनिक्षेपकाचा आवाज स्वच्छ येई. पुष्कळ लोक उभ्यानं थोडं ऐकून पुढे जात, पण हा रात्रभर. घोंगडी, कानटोपी, शेजारी सायकल. एका वर्षी आमच्याकडे एक तिकीट जास्तीचं होतं. वडील त्याला द्यायला गेले. त्यानं हात जोडले आणि म्हणाला, "नको मालक. आत गेलं की माणसं दिसत्यात. हितं नुसतं गाणं असतंय." वडील परत आले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.

सगळेच खांबवाले प्रेमळ होते असं मी म्हणणार नाही. काहींनी जाणतेपणाचा दांडपट्टा केला होता. एक गृहस्थ नवख्या माणसानं 'वा' म्हटलं की मागे वळून त्याच्याकडे असे बघायचे की तो पुन्हा तोंड उघडत नसे. मी कॉलेजात असताना शेजारणीला विचारलं, "हा पूरिया की मारवा?" तेव्हा त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "ज्यांना एवढंही कळत नाही त्यांनी जागा अडवू नये." माझे कान तापले. पुढची दोन वर्षं मी कुणाला काही विचारलं नाही आणि त्यामुळे दोन वर्षं काही शिकलेही नाही. आपल्या संगीताचं असल्या माणसांनी नुकसान केलं आहे. जाणकारीच्या नावाखाली ते लपवू नये.

त्यांच्याच मागे बसणारा दुसरा टोकाचा माणूस फर्माईशवाला. फिरोज दस्तूर रंगमंचावर येऊन बसले, की तंबोरा जुळायच्या आधीच त्याचा आवाज यायचा, "गोपाला!" मग चारी बाजूंनी तीच हाक. दस्तूर हात वर करून थांबा म्हणायचे, आधी ख्याल गायचे, आणि शेवटी ते भजन आलं की हा माणूस मान खाली घालून रडायचा. दर वर्षी हेच. मागणी करायची ती रडण्यासाठी, हे मला फार उशिरा उमगलं. २००८ च्या मे महिन्यात दस्तूर गेले. त्या डिसेंबरात तो माणूस त्याच्या जागी होता की नाही, ते मी बघायला विसरले. याचा मला अजून त्रास होतो.

मांडव बदलला तो वेळेमुळे. २००० साली केंद्र सरकारचे ध्वनिप्रदूषणाचे नियम आले. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. पुढे वर्षातले काही मोजके दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत द्यायची मुभा राज्यांना मिळाली. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं या बंधनावर शिक्कामोर्तब केलं आणि रात्रभराच्या मैफलींचा काळ संपला. नियम मला चुकीचा वाटत नाही. भिंतीपलीकडे आजारी माणसं असतात, परीक्षेची मुलं असतात, आणि रात्री वाजणारं सगळंच काही ललत नसतं. पण काय गेलं तेही सांगायला हवं. मध्यरात्र ते सूर्योदय हा सगळा पट्टा मोठ्या मांडवातून नाहीसा झाला. सोहनी, परज, ललत, भटियार हे राग आपल्या वेळेला हजारो माणसांसमोर गायले जाणं थांबलं. दुपारची सत्रं वाढली, भीमपलास, मुलतानीला बरे दिवस आले, त्याचा आनंद आहे. पहाट मात्र गेली.

तांब्यावाले काका त्या पुढच्या वर्षी आले. तेव्हा ते पंच्याहत्तरीच्या आसपास असतील. नेहमीप्रमाणे सतरंजी, तांब्या, खांब. पहिला कलाकार ऐकला. पण झोपले नाहीत. झोपणार कशासाठी? ते शेवटपर्यंत जागे राहिले आणि कार्यक्रम संपल्यावर बराच वेळ तिथेच बसून होते. मांडवातले दिवे मालवले जात होते. स्वयंसेवक मुलगा येऊन म्हणाला, "आजोबा, संपलं." त्यांनी तांब्या उचलला आणि न प्यायलेलं पाणी खांबाच्या मुळाशी ओतलं. त्यानंतर ते मला महोत्सवात दिसले नाहीत.

पुढची वर्षं भराभर गेली. दस्तूरांच्या मागोमाग २००९ मध्ये गंगूबाई गेल्या. २४ जानेवारी २०११ रोजी भीमसेनजी गेले आणि उत्सवाच्या नावात त्यांचं नाव आलं. समारोपाला ते गायचे, आणि त्यानंतर सवाई गंधर्वांच्या आवाजातली भैरवीची जुनी ध्वनिमुद्रिका लावली जायची. ती सुरू झाली की सगळा मांडव उभा. तो जुना, खरखरीत, दूरचा आवाज ऐकताना लोकरवाल्या मावशी सुया पिशवीत टाकायच्या. तीन दिवसांत त्यांचे हात तेव्हाच काय ते रिकामे दिसायचे. पुढे समारोपाचा मान प्रभा अत्रे यांच्याकडे आला. २०२४ च्या जानेवारीत त्याही गेल्या. खुर्च्या वाढल्या, पडदे आले, मागे बसलेल्यालाही गायिकेच्या बोटातली अंगठी दिसायला लागली. २०१८ पासून उत्सव मुकुंदनगरला महाराष्ट्रीय मंडळाच्या क्रीडासंकुलात भरतो. २०२० आणि २०२१ च्या डिसेंबरात महामारीमुळे मांडवच उभा राहिला नाही. त्या दोन वर्षांत मावशी गेल्या. त्यांच्या सतरंजीवर बसलेल्या आम्ही सात-आठ जणी एकमेकींना शोधत शोधत दूरध्वनीवर भेटलो. साताऱ्याची ती मुलगी आता आजी झाली आहे. प्रत्येकीकडे मावशींनी विणलेलं काहीतरी निघालं. माझ्याकडे राखाडी मोजे आहेत.

२०२२ मध्ये उत्सव पुन्हा सुरू झाला तेव्हा मी मुद्दाम कडेनं एक फेरी मारली. नवे खांबवाले आहेत का, ते बघायला. आहेत. एक तरुण मुलगा आहे, तो फक्त तबलजीची बोटं रेखाटतो. वहीत पानंच्या पानं बोटं. एक निवृत्त शिक्षिका बाई आहेत, त्या दर वर्षी एका अनोळखी शाळकरी मुलाला स्वतःच्या खर्चानं तिकीट काढून आणतात आणि मध्यंतरात त्याला प्रश्न विचारू देतात, त्या उत्तर देत नाहीत, त्यालाच शोधायला लावतात. आणि संकुलाच्या बाहेर, रस्त्याच्या पलीकडे, घरपोच जेवण पोहोचवणारा एक पोरगा दुचाकीला टेकून उभा होता. शिरस्त्राण हातात, पाठीवर पिशवी. मी आत गेले तेव्हा होता, तासाभरानं पाणी आणायला बाहेर आले तेव्हाही होता. तिकिटाचं विचारायला मी पुढे झाले, आणि पायरीवरचा तो कानटोपीवाला आठवला. मी परत फिरले. त्याला ऐकू दिलं.

टेपवाले गेल्यावर त्यांच्या मुलीनं त्या कॅसेटी जपून ठेवल्या. काहींना बुरशी लागली होती, काहींच्या फिती चिकटल्या होत्या. तिनं एका जाणकाराकडून वाचल्या तेवढ्या संगणकावर उतरवून घेतल्या आणि मागच्या वर्षी त्यातली एक मला पाठवली. नारायण पेठेतल्या माडीवरची पहाटेची बैठक. त्या बैठकीला मी गेले होते, सोळा वर्षांची होते. ध्वनिक्षेपक नव्हता, पन्नासेक माणसं होती, खिडक्या बंद केलेल्या. मी डोळे मिटून ऐकायला लागले. आवाज लख्ख होता. पण माडी कुठे गेली? मी तिला विचारलं. ती म्हणाली, "खरखर, खोकले, मधलं बोलणं सगळं काढून टाकलंय, म्हणून इतकं छान वाटतंय."

मी तिला म्हटलं, मला न धुतलेलं दे.

ते आठ दिवसांनी आलं. त्यात खरखर आहे. तंबोरे जुळवताना कुणीतरी कुणाला तरी "सरका जरा" म्हणतं. एक लहान मूल आईला काहीतरी विचारतं. पंचेचाळिसाव्या मिनिटाला खटका ऐकू येतो, मध्ये काही सेकंद नाहीत. ते सातव्या वहीत आहेत, मुलीनं पानाचं छायाचित्र सोबत पाठवलं आहे. मग दुसरी बाजू. मोठा ख्याल संपतो, गायक घोटभर पाणी पितात, पेटीवाला एक स्वर धरून ठेवतो. कुणीतरी घोरत असतं, अगदी जवळ, यंत्राच्या शेजारीच. तंबोरे पुन्हा छेडले जातात. आलापाला सुरुवात होते, आणि दुसरा मध्यम लागतो तिथे घोरणं थांबतं. कपड्याची सळसळ होते. पाणी हातावर घेतल्याचा आवाज येतो, आणि मग पितळेचा तांब्या फरशीवर टेकतो.